इमानपट्टी

“आत्याबाई, क्लच! क्लच दाबा!”

“कंचा त्यो?”

“डावा पाय, डावा!”

आत्याबाईंनी डावा पाय उचलला आणि सरळ जीपच्या बाहेर काढला, चालत्या बैलगाडीतून उतरताना काढतात तसा. मी एका हाताने त्यांचा दंड धरला, दुसऱ्याने चावी फिरवली. जीपने दोन उड्या मारल्या आणि बंद पडली.

समोर इमानपट्टी पसरली होती. सरळ, मोकळी, लांबच लांब. धडकायला म्हणून एक झाड नव्हतं. शिकवणीसाठी ही जागा मी उगीच निवडली नव्हती.

“झालं का?” पदराने कपाळ टिपत आत्याबाईंनी विचारलं.

“काय झालं का?”

“शिकून.”

“अहो, अजून गाडी थांबवता येत नाही तुम्हाला.”

“थांबवायचं मागनं बघू. आदी चालवायचं दाव.”

मी लग्न होऊन आंबेवळणला आले त्या वर्षीची ही गोष्ट. माझ्या वडिलांचं कराडला मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. पोळी गोल लाटता येण्याच्या आधी मला गाडी रिव्हर्स घेता येत होती. लग्नाच्या बैठकीत वडिलांनी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं, तेव्हा मामंजींनी सुपारी कातरता कातरता एवढंच म्हटलं, “असू द्या. आमच्यात बाईमाणसाला गाडी चालवायची गरज पडायची न्हाई.” माझं लायसन्स तेव्हापासून ट्रंकेच्या तळाशी, रुखवतातल्या क्रोशाच्या रुमालाखाली पडलं होतं. नवरा साखर कारखान्यात नोकरीला, आठवड्यातून एकदा यायचा. घरात आम्ही तिघंच. मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी.

मामंजींचा शब्द गाडीच्या बाबतीत शेवटचा असायचा, कारण अख्ख्या खोऱ्यात गाडी एकच होती, ती त्यांची. गाव त्यांना ड्रायव्हरतात्या म्हणायचं. आमचं गाव धरणाच्या पाण्याने तीन बाजूंनी वेढलेलं. फार पूर्वी मुंबईच्या एका पारशी शेठना ते पाणी आवडलं आणि त्यांनी काठावर मोठं रिसॉर्ट बांधलं. पाहुण्यांना घाटातले हेलकावे सोसवेनात, म्हणून वरच्या पठारावर विमान उतरायला डांबरी पट्टीसुद्धा केली. गावाच्या बोलीत तीच इमानपट्टी. मुंबईहून छोटी छोटी विमानं यायची आणि मामंजी पांढरी टोपी घालून, जीप घेऊन पट्टीवर सलाम ठोकत उभे असायचे. पुढे शेठ थकले. मुलांना असल्या आडरानाची हौस नव्हती. रिसॉर्टच्या खोल्यांत वटवाघळं राहायला आली, आणि शेठनी जाता जाता जीप मामंजींच्या हवाली केली. कोणी सरकारी माणसं येऊन पट्टीच्या दोन्ही टोकांना चुन्याची भलीमोठी फुली मारून गेली. वरून बघणाऱ्या वैमानिकाला कळावं, की ही बंद आहे.

वैमानिक कुणी बघायला येतच नव्हते. गावाने मात्र पट्टी उघडीच ठेवली. तिच्यावर लग्नाच्या पंगती उठल्या, पोरांचे क्रिकेटचे सामने झाले. चैत्रात ते डांबर तव्यासारखं तापायचं, तेव्हा साऱ्या बायका वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या तिथेच वाळत घालायच्या. लांबून बघितलं तर पठारावर कुणी लाल लुगडं अंथरलंय असं वाटे.

या पट्टीवर आम्ही सासवा-सुना दुपारी चोरून यायचो. जेवून मामंजी आडवे झाले, घोरणं लागलं, की आत्याबाई खुंटीवरची चावी काढायच्या. जीप घराजवळ चालू करायची नाही. दोघींनी ढकलत उतारापर्यंत न्यायची, मग पुढे ती आपोआप गडगडायची, आणि खाली गेल्यावर चालू करून पठारावर आणायची. साठीला टेकलेली माझी सासू पदर खोचून जीप ढकलते आहे, हे बघून मला हसू फुटायचं आणि त्या डोळे वटारायच्या.

“आत्याबाई, पण तुम्हाला कशाला शिकायचंय हे?” मी पहिल्या दिवसापासून विचारत होते.

“हौस.”

दर वेळी हेच उत्तर. मी मनाशी एक तर्क करून ठेवला होता. मामंजी बाजाराच्या दिवशी तालुक्याला जीप न्यायचे, बैलगाडी बरी इतक्या सावकाश, आणि आत्याबाई हमखास पुढच्या सीटवर. गाव सुटल्यापासून तालुका येईपर्यंत त्यांचं तोंड बंद नसायचं. “अवो, म्हस आलीया फुडं, दिसत न्हाई व्हय? डावीकडं घ्या. अजून. आता सरळ. खड्डा हाय, खड्डा!” मागे बसलेली माणसं हसायची. म्हणायची, तात्यांच्या जीपला हॉर्न लागत नाही, अनसाकाकू आहेत. मला मामंजींची दया यायची. बिचारे एका शब्दाने उलट बोलत नसत. म्हटलं, नुसतं बोलून बाईंचं समाधान होईनासं झालंय, आता हातात स्टेअरिंगच पाहिजे.

तर त्या दिवशी. मी आत्याबाईंचा डावा पाय क्लचवर नेऊन ठेवला, जीप पुन्हा चालू केली, आणि त्या पहिल्या गिअरमध्ये पट्टीच्या मधोमध तीरासारख्या निघाल्या. पल्याडच्या टोकाला गावातल्या कोंडाबाई आणि दोघीतिघी मिरच्या उलथत होत्या. आमचं गुपित त्यांना ठाऊक होतं, पण कोंडाबाईंचा नवराही दुपारी झोपायचा आणि त्याही चोरून विडी ओढायला तिथेच यायच्या, त्यामुळे सगळं झाकली मूठ होतं.

तेवढ्यात फट फट फट असा आवाज आला. मग तो खोकला, आणि थांबला.

“कुणाची फटफटी बंद पडली गं?” आत्याबाई म्हणाल्या.

मी मागे वळून बघितलं. रस्त्यावर फटफटी नव्हती. पाण्याच्या वर, पांढरंशुभ्र, पंख पसरलेलं, काही आवाज न करता एक विमान आमच्याकडे येत होतं. त्याचा पंखा थांबलेला होता.

“आत्याबाई, विमान!”

“आसंल की. वरनं जात्यात.”

“वरून नाही! आपल्यावर! सरका, मी घेते!”

आत्याबाईंनी एकदा मान वळवली. त्यांचे डोळे एवढे मोठे झालेले मी त्यानंतर कधी पाहिले नाहीत. “सरकायला येळ हाय व्हय?” असं म्हणून त्यांनी ॲक्सिलेटरवर अख्खा पाय रोवला. पहिल्या गिअरमध्ये जीप किंचाळत सुटली, पट्टीच्या मधोमध, सरळ, विमानाच्या पुढे पुढे.

“वळवा! बाजूला वळवा!”

“वळवायचं शिकीवलंस कधी?”

खरंच नव्हतं शिकवलं. मी स्टेअरिंगवर झेप घेतली आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओढलं. जीप डांबर सोडून खाली उतरली, दोन दगडांवरून उडाली आणि करवंदीच्या जाळीत घुसून गप झाली. माझ्या पोलक्याची एक बाही काट्यांना लटकत राहिली. आत्याबाईंनी दोन्ही पाय मिळतील त्या सगळ्यांवर दाबून धरले होते.

“बघ,” त्या धापा टाकत म्हणाल्या, “क्लच दाबला.”

विमान आमच्या मागून सूं करत गेलं. चाकं अगदी अलगद टेकली. कौतुकाने बघत राहावं असं ते उतरणं होतं. फक्त ते थांबेना. कोंडाबाई आणि मंडळी कधीच पळाल्या होत्या. विमान धावत जाऊन चार घरांच्या वर्षभराच्या मिरच्यांत शिरलं, त्यांचा भुगा करत पार पलीकडे निघालं आणि तिथे उभं राहिलं. पठारावर लाल ढग उठला. मग वारा फिरला, आणि तो ढग आमच्याकडे आला.

 शिंका, खोकला, आणि मधूनच कोंडाबाईंचा टाहो, “माज्या मिरच्या! आक् छी! माज्या बेडगी मिरच्या!”

विमानाचं दार उघडलं. एक गोरेपान, स्थूल गृहस्थ पंखावर आले. आपण सुखरूप आहोत हे सांगायला त्यांनी हात वर केला, बोलण्यासाठी भरपूर श्वास आत घेतला, आणि तिथेच फसले. एकामागून एक अशा शिंका सुरू झाल्या, की पंखावर त्यांचा नाच चालल्यासारखं दिसू लागलं. शेवटच्या शिंकेला ते खाली आले. विमान फुलासारखं उतरवलेला माणूस स्वतः उतरताना पडला आणि घोटा मोडून बसला.

आम्ही धावत गेलो. “बंद पट्टीवर कशाला आलात हो?” मी म्हटलं. “फुली नाही दिसली?”

“दिसली ना!” डोळे गच्च मिटून ते कण्हले. “पण इंजिन बंद पडल्यावर माणूस फुलीकडे बघत नाही, ताई. आई गं! डोळ्यांत निखारे पडलेत हो. मी हळबे. कॅप्टन हळबे. शेठना घेऊन पूर्वी कितीदा आलोय इथे. तेव्हा मिरच्या नव्हत्या!”

तोवर मामंजी वर आले होते. विमानाच्या आवाजाने म्हणा की शिंकांच्या गदारोळाने म्हणा, त्यांची झोप उडाली होती, आणि एवढ्या घाईतही त्यांनी ती जुनी पांढरी टोपी घातली होती. पायाखालची वाट असल्यासारखे भराभर चालत ते आले, विमानापाशी थांबले, टाचा जुळवल्या आणि खणखणीत सलाम ठोकला. विमानाच्या शेपटीला. कॅप्टन दुसऱ्या टोकाला बसून विव्हळत होते. मला वाटलं, आधी विमानाला सलाम करायची रीत असेल.

“दौलतराव! तुमच्याच बुटांचा आवाज ना हा?” कॅप्टननी हाक मारली.

मामंजी झटकन आवाजाकडे वळले. “हळबेसाहेब! दौलतराव असताना काळजी न्हाई. आत्ता तालुक्याच्या दवाखान्यात नेतो. जीप कुठाय?”

“करवंदीत,” आत्याबाई म्हणाल्या.

“करवंदीत कशी गेली?”

“इमानाला भ्याली.”

“जीप भ्याली?”

“मी बी भ्याले.”

मामंजींनी हाका मारल्या. चार गडी जमले, जीप ओढून काढली. कॅप्टनना मागे आडवं केलं, डोळ्यांवर ओला पंचा ठेवला. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. मामंजी स्टेअरिंगवर, आत्याबाई शेजारी, आणि आम्ही निघालो.

घाट लागला तसा आत्याबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. “उजवीकडं घ्या. अजून. हां, बास. सरळ. फुडं बैलगाडी हाय, हळू. थांबा, थांबा. गेली. चला. आता वळण, डावं, लांबडं हाय, घेत ऱ्हावा, घेत ऱ्हावा...” आवाज घोगरा झाला होता, मधूनच ठसका लागत होता, पण खंड नाही. मला शरमल्यासारखं झालं. परक्या माणसासमोर तरी नवऱ्याला जरा मोकळं सोडावं!

कॅप्टन डोळे झाकून पडले होते. बराच वेळ त्यांनी नुसतं ऐकलं. मग हळूच माझ्या हाताला बोट लावलं.

“ताई, या बाई कोण?”

“माझ्या सासूबाई. सवय आहे त्यांना, मनावर घेऊ नका.”

“कुठल्या विमानतळावर होत्या?”

“काय?”

“आम्ही ढगात शिरलो ना, की पुढचं काही दिसत नाही. मग खालचा माणूस आम्हाला असं सांगतो. डावीकडे, सरळ, आता हळू. शब्दही जवळजवळ हेच.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “दौलतरावांना दिसतं ना हो?”

मी हसले. हसता हसता समोरच्या आरशात बघितलं. मामंजींची नजर रस्त्यावर होती, पण रस्ता वळला तरी ती वळली नाही. आधी आत्याबाईंचा शब्द यायचा, मग स्टेअरिंग फिरायचं. एकदाही उलटं झालं नाही.  दरीच्या कठड्याचे पांढरे दगड एकेक करत मागे चालले होते, आणि त्या दगडांच्या आणि आमच्या मधे फक्त आत्याबाईंची जीभ होती.

तेवढ्यात ती जीभ थांबली. ठसका लागला, असा लागला की त्यांना श्वास घेववेना. पदर तोंडाशी धरून त्या वाकल्या. मामंजींनी करकचून ब्रेक दाबला. वळणाच्या ऐन मधोमध जीप उभी राहिली.

“बोल की,” मामंजी म्हणाले.

आत्याबाई नुसत्या खोकत होत्या.

“अगं, बोल!” त्यांचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. गर्दीत आईचं बोट सुटल्यावर पोराचा होतो तसा.

वळणापलीकडून एसटीचा हॉर्न आला आणि पाठोपाठ एसटी. तिचे ब्रेक किंचाळले. ती आमच्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि ड्रायव्हरने खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. “तात्या! रस्त्यात काय मांडव घातलाय?”

मी उडी मारून पुढे गेले. मामंजी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसले होते. मी काही बोलायच्या आधी तेच बोलले, माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत.

“सूनबाई, क्लच जरा जड लागतोय. तू बघतीस का?”

“हो मामंजी,” मी म्हटलं. “मला मागे बसून आवाजावरूनच वाटत होतं. फारच जड झालाय.”

ते उतरले. बोनेटवर हात ठेवून, जीप चाचपत, पलीकडच्या बाजूला गेले. आत्याबाई मधे सरकल्या. मी जीप मागे घेतली, एसटीला वाट दिली आणि निघाले. गिअर टाकताना दर वेळी आत्याबाई गुडघे उचलून घेत होत्या. घाट संपला. मग मागून कॅप्टन म्हणाले, “कोण चालवतंय? पोटातलं पाणी हलत नाहीये.”

“आमची सून हाय,” मामंजी म्हणाले. जणू त्यांनीच शिकवलं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आत्याबाईंना पाणी दिलं. घसा मोकळा झाला तशी मी त्यांच्या शेजारी बसले.

“कधीपासून?”

“दोन पावसाळं झालं. आदी धूर दिसायचा म्हनं. मग समदंच धुराट झालं.”

“आणि डॉक्टरला नाही दाखवलं?”

“नगं म्हनत्यात. डायव्हरचं डोळं गेलं म्हंजी डायव्हर मेला, आसं म्हनत्यात. परक्याला बसवायचं न्हाई म्हटलं जीपमदी, तर लोक काय म्हनतील म्हून त्ये बी आयकत न्हाईत. मग मीच बसाया लागले म्होरं. रोज देवाला हात जोडून.”

“अहो, मग मला सांगायचं! मी चालवली असती की. तुम्ही कशाला या वयात...”

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला काहीच कळत नाही, असं.

“तू चालवली अस्तीस तर गाव काय म्हनलं असतं? म्हाताऱ्याचं डोळं गेलं, म्हून सून चालवतीया. आन मी चालवली अस्ती तर? अनसीला म्हातारपनी चळ लागला, नवऱ्याला बाजूला सारून सोता बसली. मला हसलं असतं गाव.” त्यांनी पदराने ओठ पुसले. “त्यास्नी न्हाई.”

मी त्यांचा हात धरला. स्टेअरिंग आवळून आवळून तळव्यांना फोड आले होते.

आतून कॅप्टन हळबे प्लॅस्टर केलेला पाय पुढे करून चाकाच्या खुर्चीवरून बाहेर आले. डोळे लाललाल. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मामंजींकडे.

“दौलतराव,” ते म्हणाले, “आता मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतायत. मला लहानपणापासून त्या माणसांची भयंकर भीती वाटते. आधी तुमचे तपासून घ्या, म्हणजे मला धीर येईल.”

“म्या?” मामंजी दचकले.

“शेठची माणसं सोबत सोडत नाहीत, असं ऐकून होतो मी.”

मामंजींनी टोपी सारखी केली आणि उठले. थोड्या वेळाने आतून डॉक्टरांचा आवाज आला. मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांना, पिकून तयार झालेला. काढला की दिसेल.

“एवढंच?” मामंजी म्हणत होते. “मला वाटलं, आता वरचं बोलावणं.”

एका डोळ्याचं ऑपरेशन वैशाखात झालं. घरी आल्यावर काळा चष्मा लावून ते आधी जीपपाशी गेले. तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारली. बंपरपासून मागच्या दारापर्यंत पोचेच पोचे.

“हे कुणी क्येलं?”

“म्हशींनी,” आत्याबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला आत गेल्या. मामंजी माझ्याकडे बघत राहिले. मी माझ्या पायाच्या बोटांकडे. मग त्यांनी खिशातली चावी काढली, खुंटीला लावली आणि म्हणाले, “सूनबाई, बाजाराला तू न्हेत जा. मी संगं यीन.”

विमान अजून पट्टीवरच उभं होतं. मेकॅनिक येऊन इंजिन खोलून, जोडून गेले. पाऊस तोंडावर आला तेव्हा कॅप्टन काठी टेकत परत आले. आदल्या दिवशी साऱ्या गावाने पट्टी झाडली, खडान् खडा वेचला. निघताना कोंडाबाईंनी कॅप्टनच्या हातात तिखटाची पुडी ठेवली. “तुमच्याच चाकाखालचं हाय. लई बारीक कुटलं गेलं बगा.” कॅप्टननी ती हातभर लांब धरून आत नेली.

आम्ही पट्टीच्या कडेला उभे होतो. पंखा फिरला, विमान थरथरलं आणि धावायला लागलं. बघता बघता आत्याबाईंचं तोंड सुरू झालं. इतक्या दिवसांची सवय, त्यांच्या लक्षातही आलं नसावं. “निघालं बघा. जोरात सुटलंय. सरळ चाललंय. आता उचललं! उचललं! पाण्यावर गेलं. आता डावीकडं वळतंय...”

मी मामंजींकडे बघितलं. त्यांनी काळा चष्मा काढून हातात घेतला होता. बरा झालेला डोळा विमानावर होता आणि विमानाबरोबर नेमका सरकत होता. मला वाटलं, आता म्हणतील, गप, मला दिसतंय.

“हां,” ते म्हणाले. “आन आता कुठं गेलं?”

“डोंगराकडं. लहान लहान होत चाललंय. घारीएवढं. आता चिमणीएवढं.”

“आन आता?”

“आता डोंगराआड गेलं. मला बी दिसत न्हाई.”

“तरी सांग,” मामंजी म्हणाले.